ठळक अक्षराचा धर्म

दूरच्या माणसाला हाक मारताना आवाज चढवावा लागतो. दुरून वाचावयाच्या मजकुराचे अक्षरही तसेच जाड करावे लागते. म्हसळ्यासारख्या बाजारगावी एस.टी.तून उतरणाऱ्या उतारूला दुकानाची पाटी वा चर्चच्या सणाचे पत्रक क्षणभरच दिसते. तेवढ्यात अर्थ पोहोचविणे हे ठळक शीर्षकाक्षराचे काम. जुन्या घाटणीची अशी अक्षरे आज पुन्हा आवडीने वापरली जातात. त्यांच्यामागील श्रम मात्र आपण विसरतो.

गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. तरीही फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापावे लागले, कारण देशी लिपीचे खिळेच नव्हते. ते पाडण्याची अनुज्ञा फादरांनी १६०८ च्या पत्रात वरिष्ठांकडे मागितली होती. रोमन मुळाक्षरे मोजकी. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षरे धरून साचे शेकड्यांनी लागत. हे पुराण देवनागरीत छापून निघण्यास १९५६ साल उजाडले.

मुंबईत देवनागरी खिळे रुजले ते एकोणिसाव्या शतकात. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी कामास लागलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाईपांचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांच्या सुबकपणामुळे निर्णयसागरचा लौकिक देशभर झाला.

ही अक्षरे पोथ्या-पुस्तकांची. भिंतीवरच्या जाहिरातीला याहून मोठे व जाड अक्षर हवे असते. शिशाचा मोठा खिळा फार जड होई. म्हणून न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये यंत्राने लाकडी अक्षरे कोरण्यास प्रारंभ केला. देवनागरीत आणखी एक अडचण आहे. रेषा जाड केली की 'ष', 'क्ष' यांच्या पोटातील मोकळी जागा बुजते आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. काळे वाढविताना पांढरे राखणे, हीच या कलेची कसोटी. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षके हाताने रेखाटताना ती उत्तम साधली. नाटकाची प्रकृती त्यांच्या अक्षरांतूनच कळे. अलीकडे मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने संगणकासाठी 'मोदक' हा नावाप्रमाणेच गुबगुबीत टाईप घडविला. त्यात अक्षरांच्या पोटी केवळ बारीक चिरा उरतात, तरीही शब्द वाचता येतो.

परंतु असे अक्षर दोन-चार शब्दांपुरतेच शोभते. प्रार्थना वा ओवी त्यात छापली तर वृद्ध डोळे थकतात. आपल्या सणांच्या फलकांवर अलीकडे देणगीदारांची नावे सर्वांत जाड असतात आणि मिस्साची वेळ कोपऱ्यात बारीक. ज्या लिपीच्या खिळ्यांसाठी फादर स्टीफन्सना विनंती करावी लागली, तिची जाड-बारीक अक्षरे आज बोटाच्या स्पर्शाने उमटतात. मग त्यांतील सर्वांत ठळक अक्षर कोणाला द्यावयाचे, हे ठरविताना धर्मग्रामाने आधी त्या मिस्साच्या वेळेचा विचार करावा.