पाण्याचा ताळेबंद म्हणजे काय? हिवरे बाजारात पेरणीआधी होतो हिशेब

अहिल्यानगर : गावात पाणी किती आहे ते मोजायचं आणि मगच पेरायचं, याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार त्यासाठी ओळखलं जातं. तिथे पाऊस आणि विहिरींची पाणीपातळी नोंदवतात. आधी माणसांचं, जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढतात. उरेल त्यावर रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी, तर रब्बीचं क्षेत्रही कमी. ऐकायला सोपं, पाळायला जड. चर, बंधारे बऱ्याच गावांत झाले. हिवरे बाजारनं उपशालाही वेसण घातली. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअरही नाही. कारण बोअर आपल्या रानात घेतला, तरी शेजारच्या विहिरीचं पाणी ओढलं जातं.