बिनबर्फाच्या लीगची कुळकथा

बर्फावरची हॉकी खेळायला बर्फ लागतोच असं नाही, हे टोरांटोच्या डोनाल्ड मन्रोने १९३० च्या दशकातल्या महामंदीत दाखवून दिलं. नाताळला पोरांसाठी काही विकत आणायला पैसे नव्हते, म्हणून त्याने भंगार लाकूड, कपडे अडकवायच्या तारा असं हाताला लागेल ते गोळा केलं आणि एका चौकटीत हॉकीचं छोटं मैदान बसवलं. ते इतकं जमलं की ईटन्स या तिथल्या बड्या दुकानात विक्रीला गेलं आणि मन्रो कुटुंबाचा तो धंदाच झाला. पुढे स्वीडनमध्ये स्टिगा कंपनीने असे टेबल घरोघरी पोचवले. खेळाडू खाचेतून पुढे-मागे सरकवायचा, दांडी पिळली की त्याची स्टिक फिरते, सामना पाच मिनिटांचा. स्वीडिश लोकांनी हे खेळणं इतकं मनावर घेतलं की त्याचे क्लब निघाले, क्रमवारी लागली, नियमपुस्तिका छापल्या गेल्या, आणि १९८९ मध्ये स्टॉकहोमला जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धाही भरली.

ऑनलाइन हॉकी लीगचा वंशवृक्ष काढायला बसलेले लोक सहसा कॉम्प्युटरपासून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. पडद्यावरची हॉकी आणि हॉकीची लीग ही दोन वेगळी कुळं आहेत, आणि त्यांची सोयरीक बरीच उशिरा झाली. पडदा खेळ देतो. लीग देते ती तारीख, वेळ, प्रतिस्पर्ध्याचं नाव आणि हरल्याची नोंद. टेबलवाल्या स्वीडिशांकडे या चारही गोष्टी होत्या, पडदा मात्र नव्हता.

आज कॅनडा, अमेरिका, फिनलंड, स्वीडनमध्ये हौशी ऑनलाइन लीग चालतात. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगच्या नावाचा ईए स्पोर्ट्सचा गेम, प्रत्येक संघात सहा माणसं, आणि प्रत्येकाने फक्त एकच खेळाडू चालवायचा: सेंटर, दोन विंगर, दोन डिफेन्समन आणि एक गोली. सगळे आपापल्या घरी, कानाला हेडसेट लावून. आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री सामने. वेळ बहुधा टोरांटो-न्यूयॉर्कच्या घड्याळाची, म्हणजे नऊला सामना असेल तर व्हँकुव्हरवाल्याचे सहाच वाजलेले असतात आणि तो जेमतेम कामावरून घरी पोचलेला असतो, तर न्यूफाउंडलंडवाल्याचे साडेदहा होऊन त्याच्या घरचे झोपलेले. या सगळ्यांना एका वेळी बर्फावर उतरवणं हेच लीग चालवणाऱ्याचं खरं काम. हा माणूस कमिशनर म्हणवतो, पण त्याचा जीव आपल्या गणेश मंडळाच्या कार्यवाहासारखा असतो: पगार नाही, सुटी नाही आणि शिव्या मात्र हक्काच्या.

आता पडद्याच्या कुळाकडे. त्याच्या आधीच्या पिढ्या मी पटकन ओलांडतो. अटारीच्या गेम-यंत्रावर १९८१ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनची आइस हॉकी आली, १९८७ मध्ये कोनामीची ब्लेड्स ऑफ स्टील. पुढच्या वर्षी निन्टेन्डोने आपली आइस हॉकी काढली, तिच्यात आधी बारीक, मध्यम आणि जाडे खेळाडू निवडून संघ बांधावा लागे. शरीरयष्टी पाहून संघ बांधायची ही कल्पना पुढे फार कामाला आली, पण तो खेळ सोफ्यावर शेजारी बसलेल्या भावंडाशी खेळायचा होता.

खरा मूळपुरुष १९९३ चा एनएचएल ९४. त्याआधी ईएने १९९१ मध्ये जो गेम काढला त्यात खऱ्या लीगचा शिक्का होता पण खेळाडूंची नावं नव्हती. पुढच्या गेममध्ये खेळाडूंच्या संघटनेचा परवाना मिळाला, तर लीगचा गेला. ९४ मध्ये दोन्ही एकत्र आले: खरे संघ, खरी नावं, त्या वर्षी नव्याने आलेले अ‍ॅनाहाइम आणि फ्लोरिडाही. मारामारी मात्र काढून टाकली गेली. सेगा कंपनीच्या गेम-यंत्रासाठी तो लिहिला मार्क लेसरने. हा तोच माणूस, ज्याने १९७६ मध्ये मॅटेलचा ऑटो रेस हा खिशात मावणारा, लाल दिव्यांच्या ठिपक्यांवर चालणारा खेळ अवघ्या ५१२ बाइट्समध्ये बसवला होता. इतक्या चिमुकल्या जागेत संसार मांडलेल्या माणसाला कुठल्या हालचालीला जागा द्यायची आणि कुठली सोडायची याची नजर असणारच. मला तरी ९४ मध्ये ती दिसते.

त्या गेमने वन-टायमर आणला. निळी रेषा ओलांडून एका कडेने पक, म्हणजे हॉकीची चकती, घेऊन शिरायचं, गोलीला त्याच बाजूच्या खांबाकडे ओढायचं, समोरून आडवा पास द्यायचा आणि पक वाटेत असतानाच शॉटचं बटण दाबायचं. पलीकडचा खेळाडू पक थांबवत नाही, तसाच जाळीकडे हाणतो. गोली अजून पहिल्या खांबाशीच असतो. तीन बटणांच्या पॅडवर हे जमायला एक दुपार पुरते, आणि तो पास अडवायला शिकण्यात वर्षं जातात. ज्या खेळात हल्ला आणि बचाव यांचं इतकं सरळ भांडण असतं तो तीस वर्षं टिकतो, यात मला नवल वाटत नाही.

त्याचं एक व्यंगही टिकलं. बॉडीचेकच्या हिशेबात वजनाचा काटा उलटा बसला, आणि धडकेत जाड्या खेळाडूपेक्षा हलका वरचढ ठरू लागला. खऱ्या बर्फावर जो डिफेन्समन पाहून लोक वाट सोडतात, त्याला इथे एखादा चिमुकला विंगर आडवा करतो. दुसऱ्या कुठल्या खेळात ही चूक मानली गेली असती. ९४ च्या लोकांनी तिला कायदा मानलं, आणि हलक्या, चपळ खेळाडूंचा भाव वधारला.

घरापासून घरापर्यंत खेळण्याचा पहिला प्रयत्न फोनच्या तारेवरून झाला. १९९४ मध्ये एक्सबँड नावाचा मोडेम आला. सेगाच्या यंत्रात तो कार्ट्रिजसारखा बसवायचा आणि त्याच्यावर गेमची कार्ट्रिज. मध्यवर्ती सर्व्हर जोडीदार शोधून देई, मग दोन यंत्रं एकमेकांना फोन लावत. वेग सेकंदाला २४०० बिट. एवढ्याशा नळीतून चित्र जाणं अशक्य, म्हणून फक्त बटणं कुणी कधी दाबली एवढंच पाठवलं जाई. एनएचएल ९५ त्यावर खेळता येत असे. ही सेवा १९९७ मध्ये बंद पडली, पण बटणंच पाठवायची युक्ती मागे राहिली.

तीच युक्ती पुढच्या दशकात ९४ च्या वेड्यांनी उचलली. जेन्ससारखे प्रोग्राम कॉम्प्युटरलाच सेगाचं यंत्र बनवत, आणि कैलेरासारखे प्रोग्राम अशी दोन यंत्रं इंटरनेटवर जोडून देत. दोन्ही घरी अख्खा सामना वेगवेगळा, पण अगदी सारखा चालतो. तारेवरून जातात ती फक्त बटणं, सेकंदाला साठ चौकटींच्या तालावर. समोरच्याचं बटण पोचेपर्यंत तुमचंही अडवून ठेवलं जातं. तीन चौकटींचा उशीर म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. ऐकायला काहीच नाही, पण वन-टायमर त्याच्यातच हुकतो. मात्र हा उशीर दोघांनाही सारखाच बसतो. जुन्या लोकांना ही समानता फार प्रिय आहे, आणि हात त्या उशिराला सरावतात.

इथे दोन कुळांची सोयरीक जुळली. १९९३ चे खेळाडू एका मोठ्या पेटाऱ्यात ओतायचे, संघमालकांनी पाळीपाळीने एकेक उचलायचा आणि त्या संघांनी हंगामभर खेळायचं. ड्राफ्टची ही रीत खऱ्या लीगची. एनएचएलचा पहिला ड्राफ्ट ५ जून १९६३ रोजी माँट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात झाला, एकवीस पोरं निवडली गेली, पहिला गॅरी मोनाहन. तेव्हा पेपरांनीही त्याची फारशी दखल घेतली नाही. आता पडद्यावरच्या लीगमध्ये ड्राफ्टची रात्र म्हणजे सण असतो, आणि चौथ्या फेरीत कुणी कुणाला उचललं यावरून पुढचे कित्येक महिने टोमणे चालतात.

दुसरी शाखा २००६ मध्ये फुटली. एनएचएल ०७ मध्ये ईएने कंट्रोलरची उजवी काडी म्हणजे हातातली स्टिक करून टाकली. काडी मागे ओढून पुढे ढकलली की स्लॅपशॉट, डावी-उजवीकडे हलवली की पक हलतो. डावी काडी पायांची. म्हणजे हात आणि पाय वेगळे झाले, आणि एका खेळाडूलाच पुरेसं काम मिळालं. त्यामुळे दोन वर्षांनी एनएचएल ०९ मध्ये आलेली ईए स्पोर्ट्स हॉकी लीग शक्य झाली. एका माणसाने अख्खा संघ चालवायचा नाही, आपली एक जागा सांभाळायची आणि क्लब काढायचा.

कंपनीच्या या लीगमध्ये क्लब होते, गुण होते, तक्ते होते. नव्हती ती ओळख. समोर कोण येणार हे यंत्र ठरवी. ज्याने आज धुतलं त्याची पुन्हा गाठ पडेलच असं नाही, आणि हरू लागला की निघून जाणाऱ्याचं काही बिघडत नसे. शिवाय काही वर्षं खेळाडूची ताकद वाढवणारे बूस्ट पैसे मोजून घेता येत. मग लोकांनी जुनी वही काढली. कंपनीचा गेम वापरायचा, पण संघ आपण पाडायचे, तारखा आपण लावायच्या, उशिरा आला तर सामना गेला हे आपण ठरवायचं. सामना संपला की टीव्हीचा फोटो काढायचा आणि गोल, असिस्ट, शॉट, पेनल्टी हातांनी टंकायच्या. पुढे आकडे आपोआप ओढून घेणारे प्रोग्राम लिहिले गेले, तेही हौशींनीच.

पगाराची मर्यादाही अशीच उचलली गेली. २००४-०५ चा एनएचएलचा हंगाम मालक-खेळाडू वादात अख्खा रद्द झाला आणि पुढच्या हंगामापासून प्रत्येक संघाला पगारासाठी ३ कोटी ९० लाख डॉलरची कमाल मर्यादा आली. ऑनलाइन लीगच्या डॉलरला बाजारात किंमत शून्य. तरी मर्यादा तिथेही लागली, कारण नाहीतर सगळे चांगले खेळाडू मित्रामित्रांत एकाच संघात जमतात. त्या खोट्या पैशांचे करार, अदलाबदली आणि बोली पाहिल्या तर वाटावं की खेळापेक्षा कारकुनीचीच हौस मोठी. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. फुकट मिळालेल्या खेळाडूला सामन्याच्या रात्री दांडी मारायला काही वाटत नाही. ज्याच्यावर संघाने निम्मी थैली रिकामी केली, तो निदान कळवून तरी दांडी मारतो.

सगळ्यांत अवघड भरती गोलीची. बाकीचे पाचजण सतत पळत असतात. गोली कित्येक मिनिटं मोकळ्या बर्फाकडे बघत उभा, आणि मग अर्ध्या सेकंदात खांबापासून खांबापर्यंत सरकायचं. आधीच सरकला तर फसला, उशीर झाला तर गोल. त्याची चूक आकड्यांत दिसते, डिफेन्समनची दिसत नाही. म्हणून बऱ्यापैकी गोली असलेल्या माणसाचे नखरे सगळेच संघ सोसतात.

२०१४ मध्ये एक गंमत झाली. नव्या यंत्रांसाठी आलेल्या एनएचएल १५ मध्ये ईएने ही सांघिक लीगच वगळली. लोक भडकले, आणि वर्षभरात एनएचएल १६ मध्ये ती परत आली. या वेळी ताकद वाढवायची भानगड नव्हती, ठरावीक साच्यांपैकी एक निवडायचा आणि सगळे सारखे. हौशी लीगवाल्यांना हवी होती ती समानता आता कंपनीच्या गेममध्येच आली. नंतरच्या आवृत्त्यांत ती पुन्हा पातळ झाली हा भाग वेगळा.

खऱ्या एनएचएलने २०१८ मध्ये आपली जागतिक गेमिंग स्पर्धा सुरू केली. लास व्हेगासची अंतिम फेरी फिनलंडच्या एरिक टामेनपाने जिंकली, बक्षीस ५० हजार डॉलर. पण ती एकास एक होती, प्रत्येकाने अख्खा संघ एकट्याने चालवायचा. मार्च २०२० मध्ये महासाथीने खरा हंगाम थांबला तेव्हा लीगने खऱ्या खेळाडूंनाच कंट्रोलर देऊन सामने लावले, तीही मोजक्या माणसांची करमणूक होती. पैसा आणि कॅमेरे कमी माणसांच्या खेळामागे जातात, कारण तो दाखवायला सोपा. सहाजणांचा खेळ हौशींकडेच राहिला.

त्यांच्या घरातली एक भिंत अलीकडच्या वर्षांत पडू लागली आहे. २००८ पासून प्लेस्टेशनवाल्यांच्या लीग वेगळ्या आणि एक्सबॉक्सवाल्यांच्या वेगळ्या, कारण दोन्ही यंत्रं एकमेकांशी बोलत नसत. एनएचएल २३ पासून ती बोलू लागली. आता कमिशनरांपुढे दोन्ही बाजूंचे खेळाडू एकाच पेटाऱ्यात ओतायचा पर्याय आहे, आणि त्याबरोबर पहिला वाद आलाच: विनिपेगच्या आणि हॅलिफॅक्सच्या संघांची गाठ पडली तर सर्व्हर कुठल्या शहराचा घ्यायचा?