रक्तवाहिनी-अर्बुदे, नवजातांतील : शस्त्रक्रिया

रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी बेसुमार वाढून झालेल्या गाठी. अंगावरचा लाल, उंचवट्याचा चट्टा हे त्यांचे ओळखीचे रूप. शंभरात चार-पाच बाळांत तो दिसतो आणि बहुधा आपसूक विरतो. जिवावर बेततात त्या यकृतातल्या, श्वासनलिकेतल्या किंवा रक्तातल्या प्लेटलेट अडकवून ठेवणाऱ्या मोजक्या गाठी. अशा गाठीवर सुरी केव्हा चालवू नये, हे ठरवण्यातच शल्यचिकित्सकाचा खरा कस लागतो.

यकृतातल्या मोठ्या गाठीत धमनीतले रक्त केशवाहिन्या वगळून थेट शिरांत शिरते. हृदयाला जास्तीचे रक्त फिरवावे लागते आणि ते थकते. बाळाला धाप लागते, दूध ओढताना घाम फुटतो. जन्मजात हृदयरोगातही नेमके हेच दिसते. पण गाठीच्या बाळाचे हृदय घडणीने धडधाकट असू शकते, दुखणे असते पोटात. म्हणून इकोच्या जोडीला पोटाची सोनोग्राफी हवी. थायरॉइडची तपासणीही हवी, कारण यकृतभर पसरलेल्या गाठी थायरॉइडचे संप्रेरक निष्प्रभ करतात.

2008 साली बोर्दोच्या क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांनी प्रोप्रॅनोलॉल या हृदयविकाराच्या जुन्या औषधाने गाठी ओसरत असल्याचे प्रसिद्ध केले, आणि शस्त्रक्रियेची गरज एकदम घटली. औषधाला दाद न देणाऱ्या यकृताच्या गाठीत जांघेतून नळी सरकवून रक्तपुरवठा तोडतात. गाठ एकाच भागात असेल तर तो भाग काढतात. सगळे यकृत व्यापले असेल तर प्रत्यारोपण उरते.

कापोसिफॉर्म हिमँजिओएन्डोथेलिओमा ही गाठ मात्र प्रोप्रॅनोलॉलला सहसा जुमानत नाही. ती प्लेटलेट गिळते, बाळाला रक्तस्राव होतो. 1940 साली कासाबाख आणि मेरिट यांनी न्यूयॉर्कमध्ये अशा तऱ्हेच्या एका तान्ह्या मुलाची नोंद केली. विकाराला त्यांचेच नाव आहे. रक्तस्राव होत नसताना केवळ आकडा सुधारायला प्लेटलेट चढवणे अंगाशी येते: त्या गाठीतच अडकतात आणि गाठ फुगते. म्हणून आधी स्टेरॉइड, व्हिन्क्रिस्टिन, सिरोलिमस.

तरीही सुरी धरावी लागलीच, तर हिशेब रक्ताचा असतो. तीन किलोच्या बाळात सगळे मिळून जेमतेम अडीचशे मिलिलिटर रक्त. पंचवीस मिलिलिटर सांडले तरी दहावा हिस्सा गेला. त्यामुळे भिजलेला कापसाचा बोळाही तोलला जातो, रक्त आधीच जुळवून ठेवतात, बाळाला ऊबदार राखतात. सुटसुटीत, कडा स्पष्ट असलेली गाठ पूर्ण निघाली, तर काही दिवसांत प्लेटलेट चढू लागतात. स्नायूंत, मानेत किंवा पोटाच्या मागे पसरलेली गाठ पूर्ण काढणे बहुधा जमत नाही. तिथे औषध चालू ठेवतात.