पॅरिश कौन्सिल चर्चची नव्हे

इंग्लंडच्या खेड्यात राहणाऱ्या वाचकहो, पॅरिश कौन्सिलची नोटीस दिसली की चर्चचे काम समजून आपण पुढे जातो. १८९४ पर्यंत ते बरेचसे खरेही होते. व्हिकार आणि जमीनदार ठरवत. आपल्याकडचे पाटील-कुलकर्णीच म्हणा! त्या वर्षीच्या कायद्याने गावकीचा कारभार चर्चपासून वेगळा काढून निवडलेल्या कौन्सिलकडे दिला. बायकांनाही उभे राहता आले, पार्लमेंटच्या कितीतरी आधी. केंटमधल्या पेन्सहर्स्टच्या कौन्सिलवर जेन एस्कोम होत्या. शेतमजुरांना धड घरे नव्हती. बाईंनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १९०० मध्ये सहा घरे झाली. इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही या निवडणुकीत मत आहे. तुमचे नाव मतदारयादीत आहे ना?