दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे आहार व जीवनशैलीद्वारे नियंत्रण

दुसऱ्या प्रकारचा मधुमेह हा इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावल्याने आणि पुढे स्वादुपिंडाची इन्सुलिन स्रवण्याची क्षमताही घटल्याने होणारा चयापचयाचा विकार आहे. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मि.ग्रॅ./डेसिलिटर वा त्याहून अधिक, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के वा त्याहून अधिक असल्यास हे निदान होते. लक्षणे नसल्यास चाचणी पुन्हा करून खात्री केली जाते. आहार, व्यायाम व वजननियंत्रण हा उपचाराचा पाया असून औषधे सुरू झाल्यावरही तो सुटत नाही.

सडपातळ व्यक्ती आणि मधुमेह

भारतीयांमध्ये वजन फारसे नसतानाही हा विकार आढळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर दीर्घकाळ संशोधन केले. २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यांनी व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना मांडली: दोघांचा शरीर वस्तुमान निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. त्यामुळे भारतीयांसाठी वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर अधिक बोलका ठरतो. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सें.मी. ही त्याची मर्यादा मानली जाते.

वसई-विरार परिसरातील आहार

उत्तर कोकणाच्या या पट्ट्यात भात, मासे व नारळ हा पारंपरिक आहार आहे. साखर वाढल्यावर भात सोडून भाकरी धरावी, असा सल्ला घरोघरी दिला जातो. मात्र येथील भाकरी बहुधा तांदळाचीच असते आणि तिने पिष्टमय पदार्थांचे प्रमाण आपोआप घटत नाही. ज्वारी, बाजरी वा नाचणीची भाकरीही मोजूनच खावी लागते. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी हा वसईचा प्रसिद्ध पदार्थ. त्यात वरून साखर नसली, तरी पाणी उडाल्याने केळ्यातील मूळ साखर दाट होते. मासळीतून उत्तम प्रथिने मिळतात; अडचण असते ती सोबतच्या भाताच्या ढिगाची. अर्धे ताट भाज्यांचे ठेवून त्या व मासे, उसळ किंवा डाळ आधी आणि भात शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते.

शारीरिक हालचाल

आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन-तीन वेळा स्नायूंना ताकद देणारे व्यायाम सुचवले जातात. विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० कि.मी. अंतर रोज लोकलने कापणाऱ्यांना वेळेची चणचण असते व रात्रीचे जेवण उशिरा होते. अशांना प्रत्येक जेवणानंतर १०–१५ मिनिटे चालणे साधण्याजोगे आहे. शहरात २०११ मध्ये महापौर मॅरेथॉन सुरू झाली, पण वर्षातून एकदाची धाव रोजच्या चालण्याची जागा घेत नाही.

दीक्षित पद्धती

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित ही पद्धती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवली. कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवणे हे तिचे सूत्र आहे. वारंवार खाण्याने इन्सुलिन वारंवार स्रवते, हा त्यामागील तर्क. अनेकांचे वजन तिने उतरते, परंतु ताटात काय व किती आहे हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून मात्रा बदलून न घेता जेवणे कमी केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर व गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे होत.

उपशम

औषधे बंद केल्यावर किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली राहिल्यास त्यास उपशम म्हणतात. जाहिरातींतील 'मधुमेहमुक्ती' हा शब्द त्याहून बराच अधिक दावा करतो. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीत कमी उष्मांकाच्या आहाराने वजन घटवलेल्या गटातील ४६ टक्के रुग्णांना वर्षअखेर, तर ३६ टक्क्यांना दोन वर्षांनी उपशम साधलेला होता. हे सर्व निदान होऊन सहा वर्षांच्या आतले व इन्सुलिन न घेणारे रुग्ण होते. वजन परत वाढल्यास विकारही परततो. म्हणून उपशमानंतरही डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व पाय यांची वार्षिक तपासणी चालू ठेवली जाते.