कणगीपासून काचेच्या पेटीपर्यंत

पालघरच्या भातपट्ट्यात उंदीर म्हटलं की आधी नुकसानच आठवतं. शेताच्या बांधात बिळं करणारी घूस, कणगीच्या बुडाशी सांडलेला भाताचा तूस, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची धास्ती. त्यामुळे बोईसरच्या एखाद्या सोसायटीत मुलानं पांढरा उंदीर पाळायचा हट्ट धरला, की घरातली मोठी माणसं दचकतात. त्यांचं दचकणं रास्त आहे. पण मूल जो प्राणी मागतंय तो बांधावरचा नाही आणि कणगीखालचाही नाही. तो शेकडो पिढ्या माणसाच्या हातात वाढलेला, निवडून जोपासलेला जीव आहे. उंदीर पाळायचा विचार असेल तर पिंजरा आणण्याआधी त्याचा वंश समजून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. कारण त्याच्या देखभालीचा जवळजवळ प्रत्येक नियम त्या वंशातून आला आहे.

आधी जात नीट ओळखू. घूस वेगळी, गोदामातला मोठा काळा उंदीर वेगळा, आणि चिचुंद्री तर कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातलीसुद्धा नाही. आपल्या गोष्टीतला उंदीर म्हणजे स्वयंपाकघरातला, बोटभर लांबीचा करडा उंदीर. शास्त्रज्ञ त्याला मस मस्क्युलस म्हणतात. जनुकीय अभ्यासांनुसार या जातीचं मूळ इराणच्या पठारापासून भारतीय उपखंडाच्या वायव्य भागापर्यंतच्या टापूत आहे. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागण्याआधीच, सुमारे 15,000 वर्षांपूर्वी, हा उंदीर त्याच्या वस्तीत मुक्कामाला आला होता; उत्खननात सापडलेल्या दातांवरून हे कळतं. पुढे धान्य जिकडे गेलं तिकडे तो गेला. त्याची भारतीय उपजात समुद्रमार्गे आग्नेय आशियात पसरली. आपल्या जिल्ह्यातलं सोपारा, म्हणजे जुनं शूर्पारक, हे असंच धान्य आणि माल चढवण्या-उतरवण्याचं बंदर. तिथल्या गलबतांच्या तळाशी असे पाहुणे नसतील, यावर माझा विश्वास बसत नाही.

कुडाच्या भिंतीत, गवती छपरात, पेंढ्याच्या उडवीत राहणारा हा प्राणी. अंधार, अरुंद जागा आणि अंगाला लागून असलेलं मऊ घरटं, यांतच त्याला सुरक्षित वाटतं. शेकडो पिढ्या पिंजऱ्यात गेल्या तरी ही ओढ गेलेली नाही. उघड्या, चकचकीत, रिकाम्या पेटीत ठेवलेला उंदीर कोपऱ्यात आक्रसून बसतो. त्याच पेटीत टिश्यू पेपरच्या पट्ट्या, थोडा स्वच्छ कोरडा पेंढा आणि पुठ्ठ्याची नळी ठेवा. काही तासांत तो घर बांधायला लागतो.

माणसानं उंदीर मुद्दाम जवळ केला, त्याची जुनी नोंद ग्रीक जगातली आहे. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या हमाक्सितस गावी अपोलोच्या देवळात पांढरे उंदीर वेदीखाली राहत आणि त्यांना खाऊ घातलं जाई, असं एलियन या लेखकानं लिहून ठेवलं आहे. राजस्थानात देशनोकच्या करणीमातेच्या मंदिरात आजही पांढरा उंदीर दिसणं शुभ मानतात. तिथले उंदीर मात्र मोठ्या जातीचे.

खरी उंदीर-पालनाची कला जपानमध्ये फुलली. 1787 साली क्योतोत ‘चिंगान सोदातेगुसा’ नावाची छोटी पुस्तिका छापली गेली. ठिपक्यांचे, काळ्या डोळ्यांचे पांढरे, अशा तऱ्हेतऱ्हेच्या उंदरांची पैदास कशी करावी, कोणाची जोडी कोणाशी लावावी, याचं मार्गदर्शन तिच्यात आहे. मेंडेलनं वाटाण्यांवर प्रयोग केले त्याच्या कितीतरी आधी तिकडचे हौशी लोक आनुवंशिकतेचे नियम हातानं शिकत होते! हे उंदीर जहाजांतून युरोपात गेले. पुढे 1987 मध्ये डेन्मार्कमध्ये मिळालेल्या ठिपकेदार उंदरांपासून एक शुद्ध वंश तयार झाला आणि जनुकीय तपासणीत तो त्या जपानी हौशी उंदरांचाच वारस निघाला. जगभरच्या प्रयोगशाळांतल्या उंदरांच्या अंगातही या जपानी पूर्वजांचा वाटा सापडला आहे.

इंग्लंडमध्ये वॉल्टर मॅक्सी यांच्या पुढाकारानं 1895 साली नॅशनल माउस क्लब स्थापन झाला आणि उंदरांची प्रदर्शनं भरू लागली. पांढरा रंग तेव्हा रूढ झालेलाच होता. आज प्रयोगशाळांतल्या जुन्या पांढऱ्या वंशांत रंगद्रव्य तयार करणाऱ्या जनुकातला एकच बिघाड आढळतो. म्हणजे हे सारे पांढरे उंदीर एका पूर्वजाचे वारस आहेत. त्यांचे लाल डोळे हा त्याच बिघाडाचा परिणाम. त्यांना अंधुक दिसतं आणि प्रखर उजेडानं डोळ्यांच्या आतल्या पडद्याला इजा होते. म्हणून पेटी खिडकीत किंवा ट्यूबलाइटच्या खाली ठेवायची नाही.

या साऱ्या कथेत मला सर्वांत जवळची वाटते ती ॲबी लॅथ्रॉप. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावातली ही माजी शिक्षिका. कोंबड्या पाळण्याचा धंदा बसला, तेव्हा 1900च्या सुमारास तिनं हौशी लोकांना विकण्यासाठी उंदरांची एक जोडी आणली. ती जोडी ‘नाचऱ्या’ उंदरांची होती, जपानी वंशाची. हे उंदीर स्वतःभोवती गरगर फिरत आणि लोकांना त्याचं कौतुक वाटे. प्रत्यक्षात तो कानाच्या आतल्या भागातला जन्मजात दोष होता. नव्यानं उंदीर पाळणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. मान कलती करून गोल फिरणारा उंदीर खेळत नसतो, बहुधा त्याचा कान बिघडलेला असतो, आणि त्याला डॉक्टर लागतो.

लॅथ्रॉपच्या शेडमध्ये पुढे दहा हजारांहून अधिक उंदीर झाले. हार्वर्डचे विल्यम कॅसल प्रयोगांसाठी तिच्याकडून उंदीर घेऊ लागले. तिनं प्रत्येक उंदराच्या नोंदी ठेवल्या होत्या. काही उंदरांच्या अंगावर गाठी आलेल्या तिला दिसल्या, तेव्हा त्या दुर्लक्षून विकत राहण्याऐवजी तिनं शास्त्रज्ञांना कळवलं. रोगशास्त्रज्ञ लिओ लोएब यांच्यासोबत तिनं संशोधनलेख लिहिले. बीजाशय काढलेल्या माद्यांत स्तनाच्या गाठी कमी होतात, हे त्या दोघांनी दाखवलं. कर्करोग आणि संप्रेरकं यांचा संबंध सांगणारं हे सुरुवातीचं महत्त्वाचं काम. पदवीशिवाय, पैदाशीच्या शेडमध्ये उभं राहून केलेलं. 1918 मध्ये ती वारली. तिच्याच उंदरांतून क्लॅरेन्स लिट्ल यांनी 1921 मध्ये सी-57-ब्लॅक हा वंश उभा केला, आणि 2002 मध्ये उंदराचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला तो याच वंशातल्या उंदराचा.

हा धागा आपल्याकडे येतो तो परळला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग उसळला. जानेवारी 1897 मध्ये वाल्देमार हाफकिन यांनी स्वतःवर टोचून प्लेगची लस तपासली आणि 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्रयोगशाळा थाटली गेली. 1925 पासून तिला हाफकिन संस्था म्हणतात. उंदीर मारायच्या मोहिमा गल्लोगल्ली चालल्या होत्या त्या शहरात पुढे लशीचा कस लावण्यासाठी पांढरे उंदीर जपून वाढवले जाऊ लागले. आज भारतातल्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत सगळीकडे दिसणारा वंश ‘स्विस’ म्हणून ओळखला जातो. 1926 मध्ये क्लारा लिंच यांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून अमेरिकेत नेलेले दोन नर आणि सात माद्या हे त्याचं बीज. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे मूळ घटक बनतात. त्या प्रकारच्या औषधांची सुरुवातीची परीक्षा कुठल्या तरी प्रयोगशाळेत बहुतेक याच लहान जिवांवर झालेली असते.

आणि परळमध्येच कमल रणदिवे होत्या. 1917 मध्ये पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या. टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी 1949 मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता उंदरांमधला स्तनाचा कर्करोग. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांच्या चमूनं ज्या उंदरांवर काम केलं, त्यांच्या वंशाला संस्थेचंच नाव मिळालं: ‘आयसीआरसी’. ग्रॅन्बीच्या शेडमध्ये लॅथ्रॉपला ज्या गाठी दिसल्या, त्यांचाच माग पन्नास वर्षांनी एक मराठी स्त्री परळमध्ये काढत होती. शाळेच्या पाठ्यपुस्तकात हे दोन्ही चेहरे शेजारी छापावेत, असं मला मनापासून वाटतं.

घरी पाळणाऱ्यासाठी या इतिहासाचा अर्थ सरळ आहे. वर्ष-सव्वा वर्षाच्या मादीच्या पोटाशी किंवा काखेत गाठ हाताला लागली, तर ती काही अद्भुत गोष्ट नव्हे. तिच्या कुळात ती चालत आली आहे. उंदराचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं. मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगावं.

पालघर-बोईसरहून पांढरा उंदीर आणायचा तर बहुतेकांची वाट क्रॉफर्ड मार्केटला जाते. एप्रिल 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल आल्यावर ती सोपी झाली. 2018च्या नियमांनुसार प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तेव्हा ती विचारून घ्या. आणि एक गोष्ट कायद्याची: 1972च्या वन्यजीव कायद्यात उंदीर, कावळे आणि फळं खाणारी वटवाघळं पाचव्या परिशिष्टात ‘उपद्रवी’ म्हणून टाकली होती. एप्रिल 2023 पासून ते परिशिष्टच गेलं.

गंध ही उंदराची भाषा आहे. मूत्रातल्या प्रथिनांवरून तो भाऊ, शत्रू, जोडीदार ओळखतो. त्यामुळे रोज पेटी धुऊन लख्ख केली, तर त्याच्या दृष्टीनं रोज घर उजाडतं. ओला कोपरा वरचेवर साफ करावा, घरट्याचा सुका भाग मात्र परत ठेवावा. दोन मोठे नर एकत्र ठेवले तर ते रक्त निघेपर्यंत भांडतात, आणि एकटा ठेवलेला उंदीर झुरतो. म्हणून सुरुवात करणाऱ्यानं दोन-तीन बहिणी घ्याव्यात. जाळीच्या फटी अगदी बारीक असाव्यात. सेंटिमीटरभर फटीतूनही हा पसार होतो.

फुप्फुसं नाजूक असतात. वखारीतला बारीक भुसा आणि तुसाची धूळ टाळा. डासांची कॉइल, धूप, फिनेल यांचा वास जिथे पोहोचतो तिथे पेटी नको. उंदराला घाम येत नाही, त्यामुळे मे महिन्यातली किनाऱ्यावरची दमट दुपार आणि त्यात वीज गेली, तर जिवावर बेततं; पेटी फरशीवर, सावलीत, वारा खेळेल अशी ठेवावी. पावसाळ्यात घरातले रानटी उंदीर पेटीच्या आसपास फिरकू देऊ नयेत. रोग तेच आणतात. खायला ज्वारी, नाचणी, ओट, थोडी वाडा कोलमची कणी, मोड आलेले मूग. गणपतीत मोदक भरवायचा मोह होतो, पण तीस ग्रॅमच्या जिवाला तो गूळ झेपत नाही.

दुकानात नर-माद्या एकाच टाकीत ठेवलेल्या असतील, तर आणलेली मादी गाभण आहे असंच धरून चाला. गर्भकाळ अवघा एकोणीस ते एकवीस दिवसांचा, पिल्लं सहा-आठ, आणि व्यायल्यावर दिवसभरातच ती पुन्हा फळू शकते. पिल्लं झाली तर पहिले काही दिवस घरट्याला हात लावू नका, आईला पाणी आणि मोड आलेली कडधान्यं जरा जास्त द्या, आणि चार आठवडे भरायच्या आत नर पिल्लं वेगळ्या पेटीत काढा.