बोईसरहून वानखेडेला, 1996

बुधवार, 6 नोव्हेंबर 1996. तुम्ही बोईसर स्टेशनवर उभे आहात. पालघर अजून ठाणे जिल्ह्यातला एक तालुका आहे. रविवारी लक्ष्मीपूजन, त्यामुळे एमआयडीसीत बोनसचे दिवस. पण रात्रपाळी उतरून आलेल्यांच्या तोंडी आज एकच विषय आहे. वानखेडेवर टायटन कपची फायनल. भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका.

लोकल इथवर येत नाही. विरारच्या खाली रेल्वेची वीज 1500 व्होल्ट डीसी, वर 25,000 व्होल्ट एसी. लोकल विरारलाच संपते आणि तुमच्या वाट्याला शटल येते. तारापूर 1969 पासून देशाला अणुवीज देतंय, त्याच्या दाराशी लोकल मात्र 2013 मध्ये पोचणार आहे. हे मला आजही खुपतं.

शटल येते. पालघर, केळवे रोड, सफाळे. प्रत्येक ठिकाणी माणसं आत घुसतात. तुम्ही दारापाशी अंग चोरून उभे राहता आणि ऐकता.

"सहाच्या सहा मॅच जिंकून आलेत ते. आपल्याला तीनदा हरवलंय."

"आणि बंगलोर विसरलास?"

बंगलोर कोणीच विसरलेलं नाही. 21 ऑक्टोबरची रात्र. स्पर्धेतला तिसरा संघ ऑस्ट्रेलिया; त्यांचे 215, त्यात मार्क टेलरचं शतक. सचिन 88 करून बाद झाला आणि मागे पडझड सुरू झाली. 8 बाद 164. घरोघरी टीव्ही बंद झाले. मग मैसूरचा श्रीनाथ आणि बंगलोरचाच कुंबळे, दोघेही गोलंदाज, आपल्याच माणसांसमोर उभे राहिले आणि त्यांनी 52 धावांची अभेद्य भागी करून सामना काढला. डब्यातला प्रत्येक जण शपथेवर सांगतो, की आपण टीव्ही बंद केला नव्हता.

परवाच्या रविवारची मोहालीही ताजी आहे. शेवटच्या षटकात ऑस्ट्रेलियाला सहा धावा हव्या, हातात एकच विकेट. कर्णधार सचिनने चेंडू स्वतःच्या हातात घेतला. पहिल्याच चेंडूवर ब्रॅड हॉग धावबाद. पाच धावांनी विजय आणि फायनलचं तिकीट.

वैतरणेचे पूल मागे पडतात, विरारला गाडी बदलता, चर्चगेटला उतरून गर्दीबरोबर वानखेडेकडे चालू लागता.

भारत 7 बाद 220. सचिनच्या 67. स्टँडमध्ये कुजबुज आहे, की एवढ्यात भागेल का? कुंबळे उत्तर देतो: 25 धावांत चार बळी. क्रोनिएचा दक्षिण आफ्रिकेचा संघ स्पर्धेत एकदाच हरतो, पण नेमका आज. 185 सर्वबाद. भारत 35 धावांनी विजयी.

तुमच्याच पालघरात एका मुलाला ही स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, 16 ऑक्टोबरला, पाच वर्षं पूर्ण झाली आहेत. शार्दूल ठाकूर. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळताना तो प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरेल, त्यांच्या घरी राहून बोरिवलीच्या शाळेत खेळेल आणि 31 ऑगस्ट 2017 ला कोलंबोत भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळेल.

टायटन कप मात्र पुन्हा झाला नाही. प्रायोजकाच्या नावाची ती एकाच मोसमाची स्पर्धा होती. पुढे वीस षटकांचा खेळ आला आणि तिरंगी मालिकांना वेळापत्रकात फारशी जागा उरली नाही. माझ्या मते हे नुकसान मोठं आहे. साखळीत तीनदा हरलेल्याला चौथ्यांदा त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर उभं राहता येत होतं; फरीदाबाद, इंदूर, गुवाहाटीच्या लोकांना आपला संघ नसतानाही मोठं क्रिकेट दारात पाहायला मिळत होतं.

बोईसर-पालघरच्या ज्या घरांतून त्या बुधवारी कोणी वानखेडेला गेलं असेल, त्यांनी त्या दिवसाची आठवण लिहून ठेवावी. तिकीट जपलं असेल, तर तेही त्या वहीत लावून ठेवा.